यादीतली निम्मी गावं गाळा, ताई

पत्र थोडक्यात असं: मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं आणि त्यांच्या यजमानांचं किनाऱ्यालगत पाच खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. ताई ५२ वर्षांच्या, यजमान ५८. यजमानांचे गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगी पुण्यात नोकरीला. आई-बाबांनी एकदा तरी युरोपातली जुनी गावं आणि बर्फाचे डोंगर पाहावेत, असा तिचा हट्ट आहे आणि निम्मा खर्च ती करणार आहे. तिला रजा नाही, त्यामुळे दोघांनीच जायचं आहे. तिने एक्सेलमध्ये बेत आखून पाठवला: दहा रात्रींत प्राग, चेस्की क्रुमलोव, हालश्टाट, साल्झबर्ग, इन्सब्रुक, ल्युसर्न आणि इंटरलाकेन, शिवाय टिटलिस आणि युंगफ्राउयोख ही डोंगरांवरची दोन उंच ठिकाणं. यजमान म्हणतात, "एवढं आपल्याला झेपायचं नाही, सरळ ग्रुप टूर घेऊ, जेवणाचीही चिंता नको." ताईंना वाटतं, पुन्हा कधी जाणार, तर सगळं बघून घ्यावं. पण एवढ्या पैशांत आणखी दोन खोल्या बांधून होतील, हेही मनातून जात नाही. घरी ८० वर्षांच्या सासूबाई आहेत. त्या म्हणतात, "माजी काळजी करू नको, तुमी जावन येवा." पत्राच्या अगदी शेवटी ताईंनी लिहिलंय: "खरं सांगू? मला कुठल्यातरी एका गावात सकाळी नुसतं बसून बघायचंय, तिथल्या बायका बाजारात काय घेतात ते."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न ग्रुप टूर की स्वतःचा बेत एवढाच आहे. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर थांबले. एवढ्या लांबलचक पत्रात तुम्हाला स्वतःला काय हवंय हे सांगणारी ती एकच ओळ, आणि तीही तुम्ही निरोप घेता घेता लिहिलीत. लेकीच्या एक्सेलमध्ये ती नाही. टूरवाल्यांच्या पत्रकात तर नसणारच. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

प्रवासी गाव कसं बघतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? टेम्पो ट्रॅव्हलर अकरा वाजता येते. होडीने किल्ला, मग स्कूबा, दुपारी सुरमईची थाळी, काजू आणि आमसुलांची खरेदी, आणि संध्याकाळी गाडी गोव्याला. ती माणसं घरी जाऊन सांगतात, मालवण पाहिलं. दुसरीकडे तुमच्याकडे चार-चार दिवस राहणारी माणसंही असतात. त्यांनी एखाद्या सकाळी रापणीचं जाळं ओढायला हात लावलेला असतो, सासूबाईंनी त्यांना पेज वाढलेली असते, भरती कधी आणि ओहोटी कधी हे त्यांना दुसऱ्या दिवशी विचारावं लागत नाही. मालवण पाहिलं, असं तेही म्हणतात. या दोघांतलं कोण कुठलं मालवण पाहून गेलं, ते तुम्ही ओट्यावर बसून इतकी वर्षं बघताय. आता लेकीच्या बेतात तुमचं नाव यातल्या कुठल्या गाडीत आहे, तेवढं बघा.

लेकीला दोष देऊ नका. तिने प्रेमाने आणि मेहनतीने ते केलंय. फक्त नकाशावर दोन गावांमधलं अंतर दिसतं, गाव बदलण्याची दगदग दिसत नाही. दहा रात्रींत सात मुक्काम म्हणजे सहा वेळा बॅगा भरायच्या, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, फलाट शोधायचा, नव्या गावात खोली ताब्यात मिळेपर्यंत बॅगा सांभाळत थांबायचं. पाहुणे दहाला खोली सोडतात आणि नवे येईपर्यंत काय धांदल उडते, हे तुम्ही रोज दुसऱ्या बाजूने बघता. प्रत्येक बदलाला अर्धा दिवस धरला तरी तीन दिवस गेले. त्यात यजमानांचे गुडघे आणि त्या जुन्या गावांतल्या दगडी फरसबंदीच्या गल्ल्या. चाकांची बॅग तिथे खडखडत ओढावी लागते किंवा उचलावी लागते.

पुन्हा कधी जाणार म्हणून सगळं बघून घ्यावं, हे तुमचं म्हणणं ऐकायला अगदी रास्त वाटतं. मला मात्र ते उलटं वाटतं. एकदाच जाणार असाल तर जे बघाल ते नीट बघायला हवं. दहा वेळा जाणाऱ्याला धावत बघणं परवडेल, तुम्हाला नाही.

यजमानांचं म्हणणंही मी बाजूला सारत नाही. ग्रुप टूर वाईट नसते. ज्यांना सोबत हवी असते, फोनवर तिकीट काढायची धास्ती वाटते, दोन्ही वेळा आपलंच जेवण लागतं, व्हिसाचे कागद कुणीतरी जमवून द्यावेत असं वाटतं, त्यांच्यासाठी ती फार चांगली सोय आहे. पण पैसे भरण्याआधी त्यांना चार गोष्टी विचारा. हॉटेल जुन्या गावात आहे की गावाबाहेर हमरस्त्यावर? रोज बसमध्ये किती तास? पत्रकात नाव असलेलं ठिकाण आत जाऊन बघायचं आहे की बाहेरून फोटो काढून निघायचं आहे? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: शिखरावर जायचा दिवस ठरलेला असेल आणि त्या दिवशी ढग असतील, तर काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, ठरल्या दिवशीच जायचं. इतका खर्च करून वर पांढऱ्या धुक्यात उभं राहून परत यायचं, हे मला तुमच्यासाठी नको वाटतं. टूर घेतलीच तर तिच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर, म्हणजे टीसीएस, आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तेवढं लक्षात ठेवा.

यजमानांना वाटतं, टूर नाही म्हणजे सगळं आपल्याच डोक्यावर. तसं नाही. मधला रस्ता आहे: दोनच गावांत मुक्काम करायचा. खोल्या आणि गाड्या लेक पुण्यातून आरक्षित करेल, किंवा एखादा एजंट फक्त व्हिसा आणि आरक्षण करून देईल, बसभर माणसांबरोबर फिरायची सक्ती न करता. भाषेचं म्हणाल, तर तुमच्या घरी केरळपासून दिल्लीपर्यंतची आणि परदेशातलीही माणसं राहून जातात. त्यांच्याशी तुमचं काम कधी अडलंय का? तिकडे दुकानदाराला आणि स्टेशनवरच्या माणसाला थोडंफार इंग्रजी येतंच.

आता प्रत्यक्ष बेत. मी असते तर प्राग, क्रुमलोव, इन्सब्रुक आणि इंटरलाकेन गाळलं असतं. गावं सुरेख आहेत, पण एका प्रवासात मावत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला सहा रात्री, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला चार. झुरिचला उतरायचं, तिथून ल्युसर्न रेल्वेने तासाभरावर. ल्युसर्न झालं की झुरिचहून साल्झबर्गला थेट गाडी मिळते, साधारण साडेपाच तास. ती इन्सब्रुकवरूनच जाते, तेव्हा खिडकीतून डोंगर बघणं आपोआप होतं. परतीचं विमान म्युनिकहून घ्यायचं. साल्झबर्गहून ते जवळ पडतं.

ल्युसर्न मी मुद्दाम सुचवतेय, कारण तिथे जुनं गाव, तळं आणि डोंगर एकाच ठिकाणी आहेत. रॉइस नदीवरचा चौदाव्या शतकातला लाकडी पूल आहे, त्याच्या छपराखाली तिकोनी चित्रफळ्या आहेत. १९९३ च्या ऑगस्टमध्ये पुलाला आग लागली आणि त्यांतली दोन तृतीयांश चित्रं गेली. पूल पुढच्याच वर्षी पुन्हा उभा केला. चालताना मान वर करून बघा, कुठे चित्र आहे आणि कुठे नाही ते. घाईत पूल ओलांडणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. आणि तुमची ती बाजाराची ओळ: ल्युसर्नला मंगळवारी आणि शनिवारी सकाळी याच नदीच्या काठावर, कमानींखाली, शेतकऱ्यांचा बाजार भरतो. भाजी, चीज, पाव, फुलं. साल्झबर्गला गुरुवारी सकाळी सेंट आंद्रे चर्चसमोर भरतो. खोल्या आरक्षित करण्याआधी हे वार लेकीला कळवा आणि त्या सकाळी बेतात दुसरं काहीही ठेवू नका.

डोंगरांचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, युरोपातलं सर्वांत उंच. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून सात किलोमीटरहून लांब बोगदा खणून ती रेल्वे नेली. १८९६ ला काम सुरू झालं, १९१२ ला गाडी वर पोचली. बघण्यासारखी गोष्ट आहे, यात शंकाच नाही. पण आपला कळसूबाई १,६४६ मीटर, त्याच्या दुपटीहून हे उंच, आणि तुम्ही राहता समुद्राच्या पातळीवर. तिथल्या हवेत श्वासागणिक प्राणवायू इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी मिळतो, आणि गाडी तुम्हाला दोन-अडीच तासांत खालून तिथे नेऊन सोडते. धडधाकट माणसालाही डोकं जड होणं, दम लागणं, पावलं अडखळणं होऊ शकतं. यजमानांच्या डॉक्टरांना नेमका आकडा सांगून विचारा: साडेतीन हजार मीटरवर दोन तास थांबलो तर चालेल का? टिटलिसचं वरचं स्टेशनही ३,०२० मीटरवर आहे, तेव्हा त्याबद्दलही विचारा. डॉक्टर हो म्हणाले तर दोन्हींतलं एकच घ्या, आणि माझं मत टिटलिसकडे. ल्युसर्नहून एंगेलबर्ग पाऊण तासावर, पुढे केबल कार, त्यातली शेवटची स्वतःभोवती फिरत वर जाते. युंगफ्राउयोखला ल्युसर्नहून जाऊन येण्यात सगळा दिवस प्रवासातच जातो.

डॉक्टर नाही म्हणाले तर हिरमुसू नका. रिगीचा माथा १,७९८ मीटर, म्हणजे कळसूबाईहून दीडशे मीटर उंच. गुडघ्यांना चढण नाही आणि श्वासाला त्रास नाही. ल्युसर्नहून बोटीने तासभर तळ्यातून फिट्सनाउला जायचं. तिथून दातेरी चाकांची रेल्वे अर्ध्या तासात माथ्यावर नेते. ती १८७१ पासून चालू आहे, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. उतरताना काल्टबाडला थांबा. तिथून जुन्या रेल्वेमार्गावरची वाट डोंगराच्या कडेकडेने जाते, जवळजवळ सपाट. हवं तेवढं चाला, बाकावर बसा, कंटाळा आला की मागे फिरा. डावीकडे-उजवीकडे तळी दिसतात, समोर बर्फाच्या रांगा. स्विस ट्रॅव्हल पासवर बोट आणि रिगीची रेल्वे दोन्ही फुकट. टिटलिसला त्यावर निम्मी सवलत, युंगफ्राउयोखला फक्त एक चतुर्थांश. हा पास तीन, चार, सहा, आठ आणि पंधरा दिवसांचा मिळतो. तुम्हाला सहाचा पुरेल.

शिखराचं तिकीट आधीपासून काढून ठेवू नका. प्रत्येक डोंगरावर कॅमेरे आहेत आणि वरचं चित्र त्या-त्या रेल्वेच्या संकेतस्थळावर त्या क्षणी फुकट दिसतं. सकाळी चहा पिता पिता फोनवर बघा. वर ऊन असेल तर निघा. ढग असतील तर त्या दिवशी बर्नला जा, ल्युसर्नहून तासाभरात पोचता. बर्नचं जुनं गाव १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याच्या दगडी कमानींखालून सहा किलोमीटर छपराखालचे रस्ते आहेत. पाऊस पडो नाहीतर काही होवो, छत्री न उघडता गाव फिरता येतं. तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी तास वाजण्याच्या पाच मिनिटं आधी जाऊन उभे राहा. कोंबडा आरवतो, विदूषक घंटा वाजवतो, अस्वलांची मिरवणूक फिरते. सोळाव्या शतकातली यंत्रणा आहे आणि अजून तिला किल्ली द्यायला माणूस जातो. सहा रात्री एका गावात राहिल्याचा हाच फायदा: बेत हवामानाच्या मागे जाऊ शकतो.

हालश्टाटबद्दल एक विनंती. त्या गावात साडेसातशेच्या आसपास माणसं राहतात आणि गर्दीच्या दिवशी तिथे दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथले रहिवासी पर्यटकांच्या बसगाड्यांवर मर्यादा घाला म्हणून रस्त्यावर उतरले होते. तुम्हाला त्यांचं दुखणं माझ्यापेक्षा जास्त कळेल. साल्झबर्गहून जायचंच असेल तर साल्झबर्गची एक रात्र कमी करून ती तिथे काढा. दुपारी चारनंतर गर्दी ओसरते, आणि तुमचे पैसे तिथल्याच एखाद्या तुमच्यासारख्या घराला मिळतील. नाहीतर सोडून द्या. साल्झबर्गचा किल्लाच बघायला अर्धा दिवस लागतो. १०७७ ला बांधायला घेतलेला, आणि वर न्यायला १८९२ पासून दोरावरची रेल्वे आहे.

कधी जायचं? तुमच्याकडे मेअखेरीला किल्ल्याची होडी बंद होते, पाहुणे ओसरतात, आणि गणपतीपर्यंत खोल्या रिकाम्या. तिकडे नेमका तोच उन्हाळा. जुलै-ऑगस्टला त्यांच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा दर चढतात. जूनचा दुसरा पंधरवडा घ्या. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झालेली असेल, घराची पावसाळी कामं उरकलेली असतील. तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी खोलीवर येऊन तासभर आडवं होता येतं आणि तरी संध्याकाळ उरते. फक्त विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पावसाळ्यात कोकण रेल्वे सावकाश धावते आणि कधी कुठे दरड येईल सांगता येत नाही.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. सकाळी भात लावला, बाजारातली भाजी टाकली, की यजमानांची निम्मी चिंता मिटली. मसाला, आमसुलं, पोहे, मेतकूट न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिकडे बंदी आहे. हापूसही नको, ताज्या फळांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. नारळाला मात्र त्यातून सूट आहे. रविवारी दुकानं बंद असतात, वाणसामान शनिवारी भरून ठेवा. स्टेशनवरची उघडी असतात. पाणी विकत घेऊ नका, नळाचं प्या.

सासूबाईंचं. त्या "जावन येवा" म्हणाल्यात, तर ते खरं माना, आणि पुढचा प्रश्न त्यांनाच विचारा: सोबतीला कोण हवं? आपण त्यांच्या वतीने नणंद ठरवतो, आणि त्यांना शेजारची बाय हवी असते. रात्री घरात झोपायला माणूस हवंच. भर पावसात वीज जाते, तेव्हा एकटं ठेवू नये. डॉक्टरांचा नंबर, गोळ्यांच्या वेळा आणि बॅटरी कुठे आहे, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा.

पैशांबद्दल मी तुम्हाला खोल्या बांधा किंवा बांधू नका असं सांगणार नाही. एवढंच सांगते, सासूबाईंच्या आजारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आणि धंद्याचं खेळतं भांडवल, या दोन्हींना हात न लावता आणि कर्ज न काढता जे बसतं, तो तुमचा आकडा. लेकीला तो आधी सांगा आणि बेत त्यात बसवायला लावा. तिचा निम्मा वाटा घेताना संकोच करू नका. तिला ते द्यायचंय, आणि तुम्ही "कशाला गं" म्हणत राहिलात तर तिचा आनंद कमी होईल. दोन खोल्या पुढच्या वर्षीही बांधता येतात. यजमानांचे गुडघे पुढच्या वर्षी आजच्यापेक्षा बरे असतील, असं मला वाटत नाही.

व्हिसा एकच लागेल, शेंगेन. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया दोन्ही त्यात येतात. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज, म्हणजे तुमचा स्वित्झर्लंडकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्याच्या तारखा भराभर संपतात. मार्चमध्येच करून मोकळे व्हा. बोटांचे ठसे द्यायला दोघांना मुंबईला किंवा पुण्याला जावं लागेल. फी ९० युरो प्रत्येकी, नकार आला तरी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, न्याहारी-निवासाचं नोंदणीपत्र, आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. परत येण्यासारखं घरदार आणि व्यवसाय इथे आहे, हे त्यावरून त्यांना पटतं. लेक खर्च करणार आहे असं तिचं पत्र आणि तिचे बँकेचे कागदही द्या. व्हिसा हातात येईपर्यंत खोल्या अशाच घ्या की ज्या फुकट रद्द करता येतील.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. कपाटातले दोन्ही पासपोर्ट बाहेर काढा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मग तुमचं नाव बघा. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं आणि सातबाऱ्यावर माहेरचं, असं आपल्याकडे बायकांच्या बाबतीत फार होतं. तसं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला शोधून ठेवा, नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. त्याला लागणारा वेळ कुणाच्याच हातात नसतो, म्हणून ते सगळ्यांत आधी.